मुलगी नाटक शिकवायला परदेशी निघाली तर

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची परदेशातल्या एका उन्हाळी शिबिरासाठी स्वयंसेवक म्हणून निवड झाली आहे. सहा आठवडे लहान मुलांना गाणी आणि अभिनय शिकवायचा आणि शेवटी त्यांच्याकडून गाण्यांतून पुढं सरकणारं एक नाटक बसवून घ्यायचं, असं काम आहे. पगार नाही. राहणं-जेवण त्यांच्याकडं, विमानाचं निम्मं भाडं हिचं. मुलगी बीड जिल्ह्यातली, उर्दू माध्यमात शिकलेली, आता पुण्यात मुलांचे वर्ग घेणारी. घरात अर्थातच वाद पेटला आहे. अब्बा गप्प, चाचा विरोधात, अम्मी दोन्हीकडं. त्यांनी मला मत विचारलं. हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

पहिला आक्षेप गाण्याबजावण्याचा. या विषयावर उलेमांमध्ये जुने मतभेद आहेत, ते मी मिटवणार नाही. पण सगळे एकाच बाजूला आहेत, असं जे आपल्याला सांगितलं जातं, ते खरं नाही. इमाम गझालींनी 'इह्या उलूम-अल-दीन'मध्ये 'समाअ'वर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. काय गायलं जातं, कशासाठी आणि ऐकणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होतो, हे पाहून निर्णय करावा, असा त्यांचा रोख आहे. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरात दोन मुली गात होत्या, हजरत अबू बक्र रागावले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना गाऊ द्या म्हणून सांगितलं, ही हदीस बुखारीत आहे.

आणि आपल्या घरांत गाणं नव्हतं कधी? विजापूरच्या सूफींच्या परंपरेत बायकांनी जात्यावर म्हणायचे दखनी चक्कीनामे तयार झाले. शेजारच्या घरात त्याच जात्यावर मराठी ओवी चालू असे. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल हा मुलगा पुढं शाहीर अमर शेख झाला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्याच्या आवाजानं भारून गेल्या. उर्दू शाळेत तर रोज सकाळी इक्बालची 'बच्चे की दुआ' मुलं सुरात म्हणतात. त्याच इक्बालच्या 'बांग-ए-दरा'मधली 'एक मकडा और मक्खी' ही कविता उघडून पाहा. कोळी माशीला गोड बोलून जाळ्यात बोलावतो, माशी आधी नकार देते, मग खुशामतीला भुलते. पूर्ण संवाद आहे. दोन मुलं उभी केली की नाटक तयार. ही कविता इक्बालनं मेरी हॉविट या इंग्रज कवयित्रीच्या कवितेवरून घेतली. 'एक पहाड और गिलहरी' अमेरिकेच्या इमर्सनवरून. परक्या मुलखातली गोष्ट आपल्या जिभेवर आणली की ती आपली होते, हे आपल्या सगळ्यात लाडक्या शायरानंच दाखवून दिलं आहे.

दुसरा आक्षेप, मुलगी एकटी जाणार. काळजी खरी आहे, तिची टिंगल करू नये. मेहरमशिवाय प्रवासाचा प्रश्नही श्रद्धेचा आहे. पण काळाबरोबर वाटा निघतात. 2018 पासून 45 वर्षांवरच्या भारतीय महिला चौघींच्या गटानं मेहरमशिवाय हजला जाऊ लागल्या. या मुलीचं वय तेवढं नाही, हे मला कळतं. पण ती पुण्यात एकटी राहून नोकरी करते, तेव्हा घरानं हा प्रश्न एकदा सोडवलेलाच आहे. आता विचारायचे ते व्यवहाराचे प्रश्न. शिबिर कोण भरवतं, किती वर्षांपासून? राहण्याची सोय मुलींची वेगळी आहे का? आजारपणाचा विमा कोण काढणार? हलाल जेवणाचं काय? आणि व्हिसा कुठल्या प्रकारचा? बिनपगारी असलं तरी पर्यटक व्हिसावर असं काम अनेक देशांत चालत नाही, हे आधी लेखी विचारून घ्यावं. मुलांसोबत काम करणाऱ्याकडून पोलिसांचा दाखला मागितला जातो का, हेही पाहावं. जिथं तो मागत नाहीत, तिथं मी माझी मुलगी पाठवणार नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. फुकट काम कशासाठी? ज्यांच्या घरी भाकरीची चिंता नाही त्यांनी सेवा करावी. परदेशी स्वयंसेवेचा मोठा बाजार झाला आहे आणि कित्येक संस्था उलट स्वयंसेवकाकडूनच फी घेतात, हे खरं आहे. म्हणून हिशोब करावा. निम्म्या भाड्यासाठी कर्ज काढावं लागत असेल तर जाऊ नये. साठवलेल्या पैशातून भागत असेल, तर तो खर्च शिक्षणाचा धरावा.

माझं मत, तिनं जावं. पण माझी स्वतःची एक अट आहे आणि ती घरातल्या कुणाच्याच तोंडून आली नाही. परत आल्यावर पुढच्या मे महिन्यात तिनं बीड जिल्ह्यात तसंच शिबिर घ्यावं.

ही अट मी भावनेच्या भरात घालत नाही. आपल्याला माहीत आहे, दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथून हजारो जोड्या उसाच्या फडावर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. मुलं बरोबर जातात किंवा आजीजवळ, हंगामी वसतिगृहात राहतात. त्यांच्यात आपल्या मोहल्ल्यातलीही मुलं असतात. शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत होतं, तेव्हा यांचे आईबाप कारखान्यावर असतात. मुलानं स्टेजवर काय केलं, हे आईला कधी दिसतच नाही. कारखान्यांचे पट्टे पडले की मार्च-एप्रिलमध्ये माणसं गावी येतात. म्हणजे अख्खं घर एकत्र असण्याचे महिने आणि शाळेला कुलूप असण्याचे महिने बहुतेक तेच. शहरात उन्हाळी शिबिर ही हौस असेल. आमच्याकडं मुलाचं नाटक आईबापांनी बघायचा तोच एक मोसम आहे.

दुसरं कारण भाषेचं. आमची मुलं घरात दखनी बोलतात, पुस्तकात उर्दू वाचतात आणि बाजारात मराठी. वर्गात यातली एकच चालते, नाटकात तिन्ही चालतील. मकडा उर्दूत बोलला आणि मक्खीनं दखनीत उलट उत्तर दिलं, तर हसून पुरेवाट होईल. आणि एकाच गावातली उर्दू शाळेची आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेची मुलं क्रिकेट सोडलं तर एकमेकांना फारशी भेटत नाहीत. महिनाभर एका कोरसमध्ये उभी राहिली, तर निदान एकमेकांची नावं नीट उच्चारायला शिकतील.

जाऊन परत येण्यानं काय होतं, याची उदाहरणं आपल्याजवळच आहेत. सुधा करमरकर परदेशात मुलांच्या नाटकाचा अभ्यास करून आल्या आणि 1959 मध्ये मुंबईत त्यांनी बालरंगभूमी उभी केली. हबीब तन्वीर यांनी 1954 मध्ये नझीर अकबराबादीवरचं 'आग्रा बाजार' जामिया मिल्लियाचे विद्यार्थी आणि ओखल्याचे गावकरी घेऊन केलं, मग ते इंग्लंडला शिकायला गेले, बर्लिनमध्ये ब्रेख्तची नाटकं पाहिली. परतल्यावर त्यांनी छत्तीसगढी लोककलावंतांना त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच गाण्यांसह रंगमंचावर उभं केलं. बर्लिनचीच ग्रिप्स ही मुलांच्या रोजच्या अडचणींवर गाण्यांसह नाटकं करणारी पद्धत 1986 मध्ये मोहन आगाशे आणि थिएटर अकादमीनं पुण्यात आणली. तीही टिकली, कारण तिच्यातली मुलं पुण्याची मराठी बोलू लागली.

उलट दिशेचं उदाहरण तर आपल्या समाजाला तोंडपाठ हवं होतं. गेर्डा फिलिप्सबोर्न ही जर्मन ज्यू बाई. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब यांच्याशी तिची मैत्री झाली. 1930 च्या दशकात ती दिल्लीला जामियात आली आणि तिथल्या लहान मुलांमध्ये काम करू लागली. जामियाकडं तेव्हा पैसा नव्हता, शिक्षक नाममात्र पगारावर राबत होते. मुलं तिला 'आपाजान' म्हणत. महायुद्धात जर्मन म्हणून तिला नजरकैद सोसावी लागली. 1943 मध्ये ती वारली, तिची कबर जामियाच्या कब्रस्तानात आहे. परक्या देशातून, परक्या धर्मातून आलेल्या एका बाईच्या हाती मुसलमान घरांनी आपली लेकरं दिली होती. आज आपली मुलगी परक्यांची लेकरं सांभाळायला निघाली, तर आपल्याला भीती वाटावी?

सहा आठवडे राहून फोटो काढून परत येणारा आणि आपाजान यांच्यातला फरक मात्र विसरू नये. पाहुणा गेला की शिबिर संपतं. जिथं मागं कुणी शिकवणारा तयार होतो, तिथंच काम उरतं. म्हणून मी त्या मुलीला सांगितलं आहे की तिथं नुसती गाणी शिकवू नकोस, शिबिर चालतं कसं ते टिपून ठेव. पन्नास मुलांच्या तुकड्या कशा पाडतात, लाजऱ्या मुलाला काय काम देतात, मुलांच्या सुरक्षेचे नियम कसे लिहितात, सगळं वहीत उतरव. आपल्याकडं उत्साह भरपूर आहे, ही वही नाही.

वेळेची अडचण नाही. तिकडची शिबिरं जून ते ऑगस्ट असतात, आपली सुट्टी जूनच्या मध्याला संपते. मेमध्ये इथं आणि जुलैमध्ये तिथं, असंही एखाद्या वर्षी जमेल.

आता प्रश्न आपला. शाळेच्या कमिटीनं सुट्टीत दोन खोल्या उघडून दिल्या, सकाळचा मकतब सुटल्यावरची वेळ ठरली, एक ढोलकी, एक पेटी आणि मुलांच्या खाऊची सोय झाली, तर आणखी काही लागत नाही. प्रत्येक शिबिरात तिच्याबरोबर दोन स्थानिक शिक्षक, एक उर्दूचा आणि एक मराठीचा, पहिल्या दिवसापासून उभे राहावेत, म्हणजे तिसऱ्या वर्षी ती नसली तरी चालेल. माझं नाव त्यात धरा. दुसरं नाव कोण देतंय, ते कळवा.