थोरल्या लेकीचे नाव

धाकट्या अपत्याने पहिले पाऊल कधी टाकले, हे आईवडिलांना पुष्कळदा आठवत नाही. थोरल्याचे मात्र दिनांकासह सांगता येते. आमची थोरली लेक आता सात वर्षांची आहे. तिच्या संगोपनाच्या काही आठवणी या वेळी वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण त्यांच्या ओघात आलेला एक प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या विचारला जाणार आहे.

गावाकडे नाव बाराव्या दिवशी ठेवतात. येथे टेक्सासमध्ये रुग्णालयातून घरी निघण्याआधीच जन्मदाखल्याचा कागद पुढे आला. आम्ही त्यावर ‘मुक्ता’ असे लिहिले. थेरीगाथेत मुत्ता नावाची थेरी आहे. तीच मराठीत मुक्ता. दुसरी मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या शाळेतील मांग समाजाची विद्यार्थिनी, जिचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे नागपूरहून आई आली, तेव्हा बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील घेऊन तेच नाव पुन्हा रीतसर ठेवले.

आईने येताना डिंक, अळीव, ओवा आणि स्वतःच्या जुन्या लुगड्यांची दुपटी आणली होती. पहिल्याच दिवशी तिने ओव्याची धुरी दिली आणि छतावरील धुराचा भोंगा किंचाळू लागला. आम्ही खुर्चीवर चढून भोंगा बंद करेपर्यंत लेक शांत झोपलेली! त्यानंतर शेक तव्यावर गरम केलेल्या फडक्यानेच झाला. लेकीला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना आई भीमाचा पाळणा म्हणत असे. त्या सुरावर लेकीचे डोळे मिटू लागत. आजही बरे नसले की ती तोच पाळणा मागते.

अशाच एका दुपारी आईने आमच्या आजीची हकीकत सांगितली. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत आजी निंदणाला गेली होती. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून बाळ त्यात ठेवायचे, आणि ओळ संपली की येऊन पाजायचे. आम्हांला बारा आठवड्यांची रजा मिळाली, त्यांपैकी सहा आठवडे पगारी. अमेरिकेच्या 1993 च्या कायद्याने पात्र नोकरदारांना बारा आठवड्यांची रजा दिली. परंतु ती बिनपगारी आहे. बाबासाहेबांनी मात्र 1928 सालीच मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना सांगितले होते, की आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. रात्री दोन वाजता लेकीला खांद्यावर घेऊन येरझारा घालताना या गोष्टी आम्हांला ग्रंथांतल्या वाटत नसत.

लेक दहा महिन्यांची असताना दूरध्वनीच्या पडद्यावर आजी दिसताच हात जोडू लागली. ‘जय भीम’ म्हणायला तिला आणखी वर्ष लागले, आणि कितीतरी दिवस ते ‘जय बीम’च राहिले.

यंदा सावित्रीमाईंच्या जयंतीला आम्ही तिला तिच्या नावाच्या मुलीची गोष्ट सांगितली. मुक्ता साळवेने त्या निबंधात बाळंत होणाऱ्या आपल्या स्त्रियांच्या घरांवर छप्परसुद्धा नसते, थंडीपावसात त्यांचे कसे हाल होतात, हे लिहिले आहे. लेकीने विचारले, “छप्पर का नव्हतं?” आम्ही सांगितले, “काही माणसांनी ठरवलं होतं, की या लोकांना काही मिळू द्यायचं नाही.” ती थोडा वेळ गप्प राहिली. “म्हणजे आपल्याला?” “होय, आपल्याला.” मग म्हणाली, “आता तर आपल्याकडे आहे. कुणी बांधलं?”

आम्ही तिला जोतीराव, सावित्रीमाई आणि बाबासाहेबांची नावे सांगितली. मग निंदणाला जाणाऱ्या पणजीचे सांगितले. तिने पणजीचे चित्र काढले आणि झोळीतल्या बाळावर एक मोठे छप्परही काढले.

परदेशात मुलांना जातीविषयी सांगावे की नाही, यावर आपल्या मंडळींत दोन मते आहेत. कोवळ्या मनावर ओझे नको, ही भावना आम्ही समजू शकतो. परंतु येथेही आडनाव विचारणारे भेटतात, आणि ते मुलाच्या वयाचा विचार करीत नाहीत. परक्याच्या तोंडून कळले, तर मुलाला प्रथम लाज कळेल. आईच्या तोंडून कळले, तर दुःखासोबत ते छप्पर बांधणारे हातही कळतील. म्हणून आपल्या लेकरांना त्यांच्या नावाचा अर्थ आणि पणजीची हकीकत आपणच सांगूया. आजी पाहुणी म्हणून आली असेल, तर तिलाच सांगू द्या. तिला ती आपल्यापेक्षा चांगली येते.

जय भीम.