एमआरआय, हेलियम आणि बंद पडणारे फोन

वढू बुद्रुकमधून रात्री कुणी १०८ क्रमांक लावला, तर तो संदेश पोहोचवण्यात अतिसूक्ष्म यांत्रिक भागांचाही वाटा असतो. स्मार्टफोनमध्ये अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचे केसाहून कितीतरी पातळ पापुद्रे सेकंदाला अब्जावधी वेळा थरथरतात आणि असंख्य रेडिओलहरींतून हवी तेवढीच लहर चाळून घेतात. क्षणभर विजेच्या लहरीची ध्वनिलहर होते. ध्वनी रेडिओलहरींपेक्षा हजारो पटींनी संथ असल्यामुळे एवढीशी चाळणीही पुरते.

फोनचे अंतर्गत घड्याळही कंपनावरच चालते. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. काही फोनमध्ये त्याची जागा सिलिकॉनच्या सूक्ष्म कंपकाने घेतली आहे. हवेचा अडथळा नको म्हणून तो निर्वात पोकळीत बंद असतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एका रुग्णालयात नवे एमआरआय यंत्र बसवताना हेलियम वायू गळून इमारतीत पसरला आणि सुमारे ४० आयफोन व तत्सम उपकरणे बंद पडली. इतर कंपन्यांचे फोन मात्र चालू राहिले. हेलियमचे अणू इतके लहान, की ते कंपकाच्या बंद पोकळीतही शिरले आणि घड्याळाची लय बिघडली. वायू निघून गेल्यावर काही दिवसांत बहुतेक फोन पूर्ववत झाले.

वढूतल्या घरात हा धोका नाही. प्रश्न आहे तो गावातून रुग्ण पाठवला जातो त्या मोठ्या रुग्णालयाचा. तिथे डॉक्टरांना बोलावणे, रक्तपेढीशी संपर्क, सगळे आता मोबाईलवर चालते. एमआरआय असलेल्या प्रत्येक इमारतीत लँडलाइन किंवा अंतर्गत दूरध्वनी चालू स्थितीत हवा आणि त्याचे क्रमांक भिंतीवर लिहिलेले हवेत.

फोनपेक्षा माणसाचा धोका अर्थातच मोठा. एक लिटर द्रव हेलियमचा सुमारे ७५० लिटर वायू होतो आणि बंद खोलीतला प्राणवायू हटवतो. या वायूला ना वास, ना रंग. गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच शुद्ध हरपू शकते. म्हणून वायू थेट बाहेर सोडणारी नळी मोकळी आहे ना, प्राणवायू मोजणारे यंत्र चालू आहे ना, हे नियमित तपासायला हवे. गळतीची शंका येताच रुग्णासह सर्वांनी आधी खोलीबाहेर पडावे. फोन नंतर पाहता येईल.