माणसाने कुठे उभे राहावे?

दोन-तीन वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी एकट्याने केलेल्या सागरप्रवासांच्या गद्यावर निबंध वाचला होता. निबंधाचा बराच भाग शिडांविषयी होता. अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ समीक्षकांनी समारोप करताना दोन आक्षेप घेतले. पहिला असा की, यवतमाळच्या प्राध्यापकाला समुद्राशी काय कर्तव्य? आणि दुसरा असा की, साहित्याच्या अभ्यासकाने माणसाच्या जिद्दीबद्दल बोलावे, दोर आणि लाकूड सुतारावर सोडावे. सभागृहात हशा पिकला. मीही हसलो, तेवढा शिष्टाचार आपल्या चर्चासत्रांत पाळावाच लागतो.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर फार अवघड नाही. भारतीय माणसाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना ज्यांनी लावून धरली ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत राहत होते, आणि तेथूनही समुद्र दिसत नाही. शिवाय जगातली कितीतरी शिडे एके काळी कापसाच्या कापडाची होती, हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याने विसरू नये. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. तो एका व्यक्तीचा नसून आपल्या समीक्षेच्या एका जुन्या सवयीचा आहे. हत्याराकडे न पाहता हात तेवढे गौरवायचे, ही ती सवय. प्रस्तुत लेख तिच्याविरुद्ध आहे.

आवटींच्या स्वप्नाचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही छप्पन्न फुटी बोट तयार झाली. 2009 च्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे ती घेऊन मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून 2010 च्या मेमध्ये परतले. 2012-13 साली अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कोठेही न थांबता जाऊन आले. त्या काळातले मराठी लेख आज काढून पाहावेत. 'सागराला आव्हान', 'लाटांशी झुंज', 'एकांड्या शिलेदाराची झेप' ही शब्दकळा सर्वत्र आढळते. शिडे किती होती, वारा वाढल्यावर ती कशी आखडली, त्यासाठी माणसाला डेकवर कुठवर जावे लागले, हे त्यांत फारसे सापडत नाही. पराक्रम सापडतो, पराक्रम करताना माणूस कुठे उभा होता ते सापडत नाही.

माझ्या मते एकट्याच्या सागरप्रवासाचा मध्यवर्ती प्रश्न तोच आहे. आणि तो सर्वांत स्वच्छपणे विचारणारा माणूस समीक्षक नव्हता, सैनिक होता.

ब्लाँडी हॅसलर हा ब्रिटिश मरीन दलातला अधिकारी. 1942 च्या डिसेंबरात जर्मनव्याप्त फ्रान्समधल्या बोर्दो बंदरातील जहाजांवर लहान होड्यांतून जो छापा घातला गेला, त्याचे नेतृत्व त्याने केले. दहा जण होड्यांतून निघाले. हॅसलर धरून दोघे जिवंत परतले. धाडस म्हणजे काय आणि त्याची किंमत किती, हे या माणसाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. युद्धानंतर याच माणसाने 'जेस्टर' नावाची पंचवीस-सव्वीस फुटी बोट अशी बदलून घेतली की वादळातही धाडसाची गरज कमीत कमी पडावी. तिच्यावर त्याने चिनी पद्धतीचे शीड चढवले. इंग्रजीत त्याला 'जंक' शीड म्हणतात. आपल्या विद्यार्थ्यांना हा शब्द ऐकताच भंगार आठवते. परंतु जहाजवाचक 'जंक' हा जावा-मलय भाषांतून पोर्तुगिजांच्या मार्गे युरोपात गेलेला वेगळाच शब्द आहे. भंगाराशी त्याचे नाते केवळ उच्चाराचे. परक्याच्या अवजाराबद्दलची तुच्छता मात्र त्या उच्चारसाम्यावर आजही पोसली जाते.

हे परिवर्तन नेमके काय असते ते थोडे तपशिलात पाहू, कारण माझा मुद्दा या तपशिलातच आहे. नेहमीच्या पाश्चात्त्य बोटीत उंच डोलकाठी चहूबाजूंच्या पोलादी तारांनी ताणून धरलेली असते आणि पुढे-मागे त्रिकोणी शिडे असतात. वारा वाढला की शीड लहान करावे लागते. पूर्वीच्या बोटींत त्यासाठी एकट्या खलाशाला ओल्या, हेलकावणाऱ्या डेकवरून डोलकाठीपर्यंत, प्रसंगी थेट नाळेपर्यंत जावे लागे. म्हणजे समुद्र सर्वांत खवळलेला असताना माणूस सर्वांत उघड्या जागी. चिनी शिडाची रचना मुळातूनच निराळी. डोलकाठीला ताणाच्या तारा नाहीत. ती डेकमधून आरपार खाली तळाच्या कण्यावर रोवलेली. म्हणूनच जुन्या बोटीवर हे शीड चढवताना बहुधा डोलकाठीची जागा पुढे सरकवावी लागते आणि ती जिथून आत शिरते तिथला डेक मजबूत करावा लागतो. शिडाचा काही भाग डोलकाठीच्या पुढे असतो, त्यामुळे ते तोललेले राहते आणि बाजू बदलताना त्याचा हिसका सौम्य बसतो. शिडात आडव्या पट्ट्या बसवलेल्या. चीनमध्ये त्या बांबूच्या असत. प्रत्येक पट्टीच्या टोकाला दोराचा एक फाटा आणि ते सारे फाटे शेवटी एका दोरात आलेले. त्यामुळे वाऱ्याचा भार एका कोपऱ्यावर न पडता सगळीकडे वाटला जातो, आणि साधे, ठिगळ लावलेले कापडही टिकते.

आता वारा वाढला. काय करायचे? शीड वर धरणारा दोर सैल सोडायचा. बांबूचा चिक जसा पट्टीवर पट्टी बसून मिटतो तसे शीड आपल्या वजनानेच खाली येते आणि दोन्ही बाजूंच्या दोरांच्या झोळीत जमा होते. हवी तेवढी पट्टी उतरवावी आणि दोर बांधावा. हॅसलरने 'जेस्टर'चा डेक बहुतेक बंद करून मधोमध एक गोल तोंड ठेवले होते, त्यावर फिरते कापडी छत होते, आणि सारे दोर तेथपर्यंत आणले होते. कमरेपर्यंत आत उभे राहून, बाहेर पाऊलही न टाकता, शीड चढवता-उतरवता येई. सुकाणू सांभाळायला वाऱ्याच्या पात्यावर चालणारी यंत्रणा होती. 1960 साली प्लिमथहून न्यूयॉर्कपर्यंतच्या एकट्यांच्या पहिल्या शर्यतीत 'जेस्टर' अठ्ठेचाळीस दिवसांत पोचली आणि दुसरी आली. फ्रान्सिस चिचेस्टर चाळीस दिवसांत पोचून पहिला आला होता.

हॅसलरचा प्रश्न एका वाक्यात सांगता येतो: वारा वाढेल तेव्हा माणूस कुठे उभा असेल? आधी ती जागा ठरवायची, मग तिच्याभोवती बोट रचायची. आपल्या कोकणच्या मचव्याचे शीड सुंदर होते, तिरप्या परबाणावर ते वारा घेऊन कललेले पाहणे हा नेत्रोत्सव होता, यात वाद नाही. परंतु वारा पाठीवर घेऊन बाजू बदलताना ते जड परबाण डोलकाठीच्या पलीकडे न्यावे लागे आणि त्याला तांडेलाच्या हुकमतीखाली अनेक हात लागत. तो समूहाचा घाट होता. एकट्याला दुसरा घाट हवा. 'घाट' हा शब्द मर्ढेकरांनंतर आपण वर्गात इतका वापरला, पण घाट म्हणजे अनुभव घेणाऱ्या माणसासाठी केलेली जागाही असते, हे आपल्या ध्यानात आले नाही.

यावर दोन प्रतिवाद संभवतात. पहिला असा की, हत्यार शहाणे असले म्हणून समुद्र नमतो काय? नाही नमत. 1968 च्या पहिल्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत बिल किंग 'गॅलवे ब्लेझर दुसरी' घेऊन उतरला होता. तिला हेच चिनी शीड होते. ऑक्टोबरच्या अखेरीस दक्षिण अटलांटिकमध्ये ती उलटली, डोलकाठी निकामी झाली, आणि किंगला केप टाउनला परतावे लागले. शर्यत पुरी केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने, मुंबईत बांधलेल्या 'सुहैली' या सागवानी बोटीतून. तिची शिडे नेहमीच्या युरोपीय घडणीची होती. त्या शर्यतीच्या स्मरणार्थ 2018 साली पुन्हा स्पर्धा झाली, तेव्हा गोव्यात बांधलेल्या 'सुहैली'च्या प्रतिकृतीतून, 'थुरिया'तून, टॉमी निघाले. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली आणि एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. अमुक शीड असते तर हे टळले असते, असे मी म्हणणार नाही. ते अप्रामाणिक ठरेल. चिनी शिडाचे दोषही उघड आहेत. सपाट कापडाचे शीड वाऱ्याच्या तोंडावर नीट चढत नाही, दोर पुष्कळ होतात, वजन वाढते. शहाणे हत्यार अभय देत नाही. जो धोका टाळता येण्याजोगा आहे, तेवढा मात्र ते माणसाच्या अंगावरून उचलते, आणि हे थोडे नाही.

दुसरा प्रतिवाद आपल्या घरचा आहे: ही अभियांत्रिकी झाली, यात साहित्य कुठे? माझे उत्तर असे की, साहित्य नेमके येथेच हरवले आहे. मराठीत भवसागर आहे, संसाराची नौका आहे, जीवनाचे तारू आहे. शतकानुशतके आपण पैलतीर गाठतो आहोत. पण वर्गात या रूपकांचे विवरण करताना त्या नौकेला किती दोर होते, असे एकाही विद्यार्थ्याने विचारल्याचे मला स्मरत नाही, आणि विचारले असते तर मी त्याला गप्प केले असते. शीड, डोलकाठी, परबाण, नाळ, तांडेल हे शब्द कोशात सुखरूप आहेत. समीक्षेत मात्र उरल्या आहेत त्या केवळ 'लाटा'. ज्या भाषेत दोराला शब्द नाही त्या भाषेत बुडणाऱ्यासाठी दोनच शब्द उरतात: हुतात्मा किंवा मूर्ख.

आणि आता मला माझ्या जिल्ह्याबद्दल बोलू द्या.

10 सप्टेंबर 2017 रोजी सहा महिला नौदल अधिकारी 'तारिणी' घेऊन गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. रास्त कौतुक झाले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षी अनेक शेतांत कपाशी माणसाच्या उंचीला भिडली होती. म्हणजे फवारणारा पिकाच्या वर नव्हता, पिकाच्या आत होता. नळी डोक्याच्या वर धरायची आणि फवाऱ्यातून पुढे चालायचे. बारीक तुषार उडवणारे, बॅटरीवरचे 'चायनीज' पंप तेव्हा चर्चेत आले, औषधांची मिश्रणे चर्चेत आली. पण लवकरच सूर लागला तो ओळखीचा: मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, निष्काळजीपणा नडला. सप्टेंबरच्या दमट उन्हात, मजुरीवर, त्या मास्कमध्ये श्वास घेऊन पाहावा असे कोणाला वाटले नाही.

ज्या मजुराला त्या महिन्यात निष्काळजी ठरवले, तोच आपल्या कवितांत बळीराजा आणि जगाचा पोशिंदा असतो. मला हे परस्परविरोधी वाटत नाही. गौरव आणि ठपका, दोन्ही माणसाच्या स्वभावाबद्दल बोलतात. पंपाबद्दल, नळीच्या लांबीबद्दल, माणसाने शेतात कुठे उभे राहायचे याबद्दल दोन्ही गप्प असतात. जो जिद्दीने जगला असे आपण म्हणतो, तो मेला की बेफिकिरीने मेला असे म्हणायला भाषा आधीच तयार असते. आपल्या ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने 'सोसणे' या क्रियापदाचे किती कौतुक केले ते एकदा मोजून पाहावे. सोसण्याचे कौतुक करणाऱ्याला अवजार बदलण्याची घाई नसते.

म्हणून माझे अध्यक्षमहोदयांना नम्र उत्तर असे: दोर आणि लाकूड सुतारावर सोडता येणार नाही. कादंबरीत तिफण येईल तेव्हा ती कोणाच्या खांद्याला लागते हे विचारावे लागेल. फवारणीचा पंप येईल तेव्हा तो किती लिटरचा, भरल्यावर पाठीवर कसा बसतो हे विचारावे लागेल. परीक्षेत 'नायकाच्या जिद्दीचे वर्णन करा' असा प्रश्न आपण वर्षानुवर्षे टाकत आलो. यंदा माझ्या वर्गाच्या अंतर्गत चाचणीत मी तो बदलला: 'संकटाच्या वेळी नायक कुठे उभा होता, आणि तिथे त्याला कोणी उभे केले?' उत्तरपत्रिका अद्याप तपासायच्या आहेत. एका विद्यार्थ्याने मात्र पेपर देताना विचारले, "सर, घरच्यांबद्दल लिहिलं तर चालेल का? आमच्याकडे फवारणी बाबा करतात."

चालेल, म्हणालो.