‘अस्तु’नंतर काय पाहावे?

रत्नागिरीतल्या पावसाळी संध्याकाळी (वीज असलीच तर) घरातील वडीलधाऱ्यांनी ‘अस्तु’ पाहिला, की प्रश्न येतोच: असेच आणखी काही? तेच नट शोधत बसू नका; त्यांचे डोळे कोठे पाणावले, ते आठवा. हत्तीमागे निघालेल्या, स्मृती हरपलेल्या शास्त्रीबुवांपाशी पाणावले असतील, तर कोरियाची ‘नाविलेरा’ ही १२ भागांची मालिका लावावी. तीत सत्तर वर्षांचा निवृत्त पोस्टमन बॅले शिकू लागतो, आणि विस्मरण त्यालाही गाठते. मुलीच्या ओढाताणीपाशी पाणावले असतील, तर ओझूंचा जपानी ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) पाहावा. उपशीर्षके तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. थकलेल्या डोळ्यांना ती झेपत नाहीत. घरात नुकतेच स्मृतिभ्रंशाचे निदान झाले असेल, तर ‘नाविलेरा’ आधी तुम्ही स्वतः पाहा.