शाळेत मतदान, शाळेविषयी मौन

15 जानेवारी 2026 रोजी बृहन्मुंबई महानगरपालिकेची निवडणूक पार पडली. परळ, लालबाग, शिवडी, नायगाव या गिरणगावाच्या पट्ट्यातील असंख्य मतदारांनी बोटाला शाई लावून घेतली ती शाळेच्या वर्गात. समोर फळा, भिंतीवर बाराखडीचे तक्ते, आणि मतदारयादी उघडून बसलेल्या कर्मचाऱ्यांत शिक्षकांचा भरणा मोठा. पण त्याआधीचे तीन आठवडे परळच्या चाळींच्या गॅलऱ्यांत, नाक्यांवर आणि नव्या मनोऱ्यांच्या प्रवेशद्वारांशी ज्या चर्चा झडल्या, त्यांत या शाळेला जागा नव्हती. उमेदवार प्रभागातला की बाहेरून लादलेला, रखडलेला पुनर्विकास कोण मार्गी लावणार, सप्टेंबर 2025 मध्ये बंद झालेल्या एल्फिन्स्टन पुलामुळे होणारी कोंडी कधी सुटणार, मराठी माणसाचा खरा कैवारी कोण, यावर तावातावाने बोलले गेले. हे प्रश्न खोटे नाहीत. परंतु ज्या महापालिकेचा केवळ शिक्षणावरील वार्षिक खर्च साडेतीन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला आहे, तिच्या निवडणुकीत शाळेचा प्रश्न कोणी विचारू नये, याचा विचार सुजाण मतदाराने करायला हवा.

या आधीचे मतदान झाले ते 21 फेब्रुवारी 2017 रोजी. त्या वर्षी जूनमध्ये पहिलीत दाखल झालेले मूल यंदाच्या मतदानाच्या दिवशी नववीत होते. मधल्या काळात, 7 मार्च 2022 रोजी सभागृहाची मुदत संपली आणि पावणेचार वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे राज्यघटनेच्या 243-यू या अनुच्छेदात स्पष्ट लिहिलेले असतानाही हे घडले. प्रभागरचनेतील फेरबदल आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद ही त्याची कारणे. या काळात राज्यातील सरकारे बदलली. त्यामुळे या विलंबाचा दोष एकाच पक्षाच्या माथी मारता येणार नाही. अखेर सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी आदेश दिला, तेव्हा चक्रे फिरली. दरम्यान शिक्षण समिती अस्तित्वात नव्हती. जून 2022 मध्ये पहिलीत आलेल्या मुलाची प्राथमिक शाळेची जवळजवळ चारही वर्षे, त्याच्या शाळेविषयी जाब विचारणारा एकही लोकप्रतिनिधी सभागृहात नसताना सरली.

परळला हे शोभणारे नाही, कारण सक्तीच्या शिक्षणाच्या इतिहासात या भागाचे स्थान पहिल्या रांगेतले आहे. नामदार गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक 1912 साली परकीय सत्तेच्या विधिमंडळात फेटाळले गेले. त्यापूर्वीच सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात ते करून दाखवले होते आणि पुढे 1917 साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात तोच मार्ग धरला. मुंबई शहरासाठी 1920 साली कायदा झाला आणि महापालिकेने 1925 साली सक्ती लागू करण्यासाठी प्रथम निवडले ते एफ आणि जी हे विभाग, म्हणजे परळसह गिरण्यांचा मुलूख. 1922 च्या सुधारित कारखाने कायद्याने बारा वर्षांखालील मुलांना गिरणीचे दार बंद केले होते. गिरणीच्या दारातून परत फिरलेल्या मुलाला शाळेचे दार उघडे असावे, अशी ती व्यवस्था होती. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने याच वस्तीत गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा चालवल्या. बाप साच्यावर आणि मुलगा शाळेत, असे चित्र परळने शहराच्या आधी पाहिले.

आज त्याच मुलखात काय दिसते? महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते. 2020 पासून तिने केंद्रीय मंडळाच्या शाळा सुरू केल्या, पुढे माटुंग्याच्या एका शाळेत केंब्रिजचा अभ्यासक्रमही आणला. सामान्य घरातील मुलाला हे शिक्षण विनाशुल्क मिळावे, हा हेतू चांगलाच आहे आणि त्याचे स्वागत करण्यात कोणी हात आखडता घेऊ नये. परंतु जागा थोड्या आणि अर्ज अधिक, म्हणून सोडत काढावी लागते. ज्याची चिठ्ठी निघाली त्याला एक शाळा, ज्याची निघाली नाही त्याला दुसरी. दोन्ही शाळांचा मालक एकच, कर भरणारा नागरिकही तोच. मग एकीला प्रयोगशाळा आणि दुसरीला गळके छत, हे कोणत्या न्यायाने? गेल्या दशकात महापालिकेच्या मराठी शाळांची संख्या शंभराच्या आसपास घटली. पालकांना इंग्रजी हवे, हे कारण सांगितले जाते. ते खरेही आहे. पण पालक माध्यमाबरोबर शाळेची दशाही पाहतो, आणि ज्या शाळेत शिक्षकाची जागा महिनोन्महिने रिकामी राहते, तिथून तो मूल काढणारच. (2025 साली पहिलीपासूनच्या हिंदीवरून राज्यभर वादळ उठले, 16 एप्रिलचा निर्णय 29 जूनला मागे घेण्यात आला. त्या अडीच महिन्यांत भाषेवर बोलणाऱ्या किती जणांनी ती शिकवणाऱ्या शाळेचा उंबरा ओलांडला?)

गणवेश, दप्तर, छत्रीसह सत्तावीस वस्तू महापालिका विद्यार्थ्यांना मोफत देते. त्या पावसाळा अर्धा सरल्यावर हाती पडल्याच्या तक्रारीही अनेक वर्षी झाल्या. निवडणुकीच्या पत्रकात या वस्तूंचे श्रेय घेणारे भेटतात, विलंबाचे उत्तर देणारे भेटत नाहीत.

शासनाच्या पातळीवरही हेच. शिक्षणहक्क कायद्यानुसार खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखीव असतात. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या अटीतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 रोजी ही सुधारणा रद्दबातल ठरवली, हे योग्यच झाले. गरिबाच्या मुलाला जवळची पालिका शाळा पुरेशी आहे, असे कागदावर ठरवणाऱ्यांपैकी कितीजण स्वतःचे मूल त्या शाळेत पाठवतात?

कागद आणि वर्ग यांतले अंतर कसे मिटवायचे, याचा धडा जुना आहे. मुंबईच्याच सीताराम केशव बोले यांनी 4 ऑगस्ट 1923 रोजी विधिमंडळात, शाळांसह सार्वजनिक स्थळे अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुली करण्याचा ठराव संमत करून घेतला. ठराव झाला तरी गावोगावच्या शाळांत ती मुले बाहेरच बसत राहिली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तेव्हा शाळांचाच प्रश्न हाती घेतला आणि मुले सरमिसळ बसतात की नाही हे प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरला. समतेवर व्याख्यान देणे सोपे होते. वर्गात जाऊन बाकावर कोण कोणाशेजारी बसले आहे ते पाहणे अवघड होते.

आजच्या कायद्याने हे काम सोपे करून ठेवले आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या निधीच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, हे समितीचे वैधानिक काम आहे. पालकाला रोजंदारी बुडवून बैठकीला येणे जमत नाही, आराखडा वाचता येत नाही, आणि समिती सहीपुरती उरते. परळमध्ये निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले लेखनिक, हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ घरोघर आहेत. ते समितीचे सदस्य होऊ शकत नसतील. सदस्य असलेल्या माउलीला हिशेबाचा कागद समजावून सांगण्याला कोणत्याही कलमाची आडकाठी नाही. आपली नातवंडे त्या शाळेत जात नाहीत, हे त्यांचे उत्तर असेल तर मग मराठी शाळा बंद पडल्याची हळहळही त्यांनी करू नये.

नवे सभागृह निवडून आले आहे. प्रभागातील प्रत्येक पालिका शाळेचा पट किती, मंजूर शिक्षक किती आणि प्रत्यक्ष किती, सोडतीत जागा न मिळालेली मुले कोठे गेली, ही माहिती नगरसेवकाकडे लेखी मागता येते. त्याने टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकारात महापालिकेकडून मिळवता येते. शिक्षण विभागाचा अर्थसंकल्प महापालिका दरवर्षी स्वतंत्रपणे मांडते. पुढचा मांडला जाईल त्यापूर्वी परळमधील मतदारांच्या हाती आपल्या शाळांची ही आकडेवारी असली पाहिजे.