गोरी नवरी आणि दोन हजारांचा ट्रिगर

मागच्या वीकेंडला चिखलीला घरी गेलो होतो. ताईच्या लग्नाचा अल्बम निघाला. ताई आमची सावळी. अल्बममधली नवरी मात्र पांढरीफटक, कपाळ तेलकट चमकतंय, नथीच्या जागी नुसता ठिपका, आणि मागे बसलेली आजी पार अंधारात! मी कुरकुरलो तर आत्या म्हणते, "बरं झालं ना बापा, गोरी दिसून राह्यली!"

इथंच माझं डोकं सरकतं.

मंडळी, कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश समोरून आदळतो. सावली पडत नाही, म्हणून चेहरा सपाट. घामट कपाळावरून उजेड थेट लेन्समध्ये परत. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. नवरी २ मीटरवर आणि आजी ४ मीटरवर, मग आजी काळोखात जाणारच. राहिलेलं गोरेपण कॉम्प्युटरवर चढवतात.

उपाय सोपा आहे. फ्लॅश काढून बाजूला स्टँडवर लावा, पुढे पांढरी छत्री. कॅमेऱ्यावर रेडिओ ट्रिगर, फ्लॅशला रिसिव्हर. आजचे बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वाय-फायचाच पट्टा. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी तो २००५ पासून परवान्याविना खुला आहे. मांडवाचं कापड मध्ये आलं तरी अडत नाही.

यावर फोटोग्राफर लोकांची उत्तरं ठरलेली. "आमच्याकडे स्लेव्ह आहे की." अहो, तो दुसऱ्याचा फ्लॅश बघून उडतो! वऱ्हाडातल्या कुणीही फोटो काढला की हा उडणार, आणि ऐन हार घालताना चार्जिंग करत बसणार. "ट्रिगर दगा देतो, फोटोत काळा पट्टा येतो." पट्टा येतो तो शटर साधारण १/२०० च्या वर नेल्यामुळे. दुसऱ्याच्या फोटोला आपला फ्लॅश उडत असेल तर चॅनल बदला. "मंगलाष्टकांत स्टँड लावायला वेळ कुठे?" हे मात्र मान्य. मग आधीच दोन कोपऱ्यांत उभे करून ठेवा ना!

नव्या बॉडीवर लाखभर घालतात, पण दीड-दोन हजारांचा ट्रिगर जड जातो. आणि पोरीला आयुष्यभर दुसऱ्याच बाईचा अल्बम बघावा लागतो.

पुढच्या महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे. ती ताईपेक्षाही सावळी. दोन स्टँड घेऊन मी जातोय. पहिला फोटो आत्याचाच काढणार, बाजूच्या उजेडात. मग बोलू :)