लाईन गेली तरी दिवा राहिला पाहिजे



परभणी जिल्ह्यात उन्हाचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा विजेचा आहे, आणि तो गावठाणापेक्षा आखाड्यावर जास्त. गावठाणाचा फीडर वेगळा झाला, शेतीचा वेगळा. त्यामुळे शेतात राहणाऱ्या कुटुंबाला पंपाची लाईन येईल तेव्हाच उजेड. ती कधी दिवसा येते, कधी रात्री. येलदरीला आपल्याच पूर्णेच्या पाण्यावर वीज तयार होते हे आठवले की राग यायचा तो येतोच. पण रागावर पोरांचा अभ्यास होत नाही आणि गोठ्यातला साप दिसत नाही. म्हणून आज घरापुरत्या सोलरविषयी लिहीत आहोत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची 'सूर्यघर' योजना आली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान. योजना खोटी नाही, बिल खरोखर कमी होते. पण ती बिलाची योजना आहे, अंधाराची नव्हे. छपरावरचा हा संच वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला असतो, आणि लाईन गेली की तोही बंद पडतो. भर दुपारी, कडक उन्हात! यात फसवणूक नाही. संच चालू राहिला तर वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन मरेल. तोही आपल्यातल्याच कुणाचा तरी पोरगा. पण ही गोष्ट विकणारा आधी सांगत नाही, आपणही विचारत नाही.

लाईन नसताना दिवा हवा असेल तर बॅटरी लागते. तिला या योजनेत अनुदान नाही. म्हणून खिशातला पैसा घालण्याआधी हिशेब करा, आणि तो दुकानदाराने नव्हे, आपण करायचा.

नऊ वॅटचे तीन एलईडी बल्ब पाच तास : १३५. कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा, ३० वॅटचा, आठ तास : २४०. दोन मोबाईल : २५. झाले ४०० वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षाही कमी. साधा ७५ वॅटचा पंखा ठेवलात तर तो एकटाच ६०० खातो. म्हणून मोठे पॅनेल घेण्याआधी पंखा बदला. निरभ्र दिवशी १५० वॅटचे पॅनेल सगळी गळती जाऊन साडेचारशेच्या आसपास देते. आभाळाच्या दिवसांचा विचार करता २०० वॅटचे बरे. बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची. कागदावर ती १२०० वॅट-तास होते, पण शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये. हाती ६००च धरा. लिथियमची जास्त खोल उतरते, जास्त वर्षे टिकते, आणि किंमतही तशीच घेते.

आमच्यापैकी एकाने स्वस्तात पडते म्हणून ट्रकची बॅटरी बसवली होती. दीड वर्षात ती बसली. ट्रकची बॅटरी इंजिनाला क्षणभर जोराचा धक्का देण्यासाठी असते, रात्रभर हळूहळू रिकामी होण्यासाठी नसते. ट्युब्युलर मागा, डिस्टिल वॉटर वेळेवर घाला, आणि ती चुलीपासून दूर, हवेशीर जागी ठेवा; भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. मधे चार्ज कंट्रोलर आणि फ्यूज हवाच. १२ व्होल्टला तेवढ्याच वॅटसाठी घरच्या लाईनपेक्षा जवळजवळ वीसपट करंट वाहतो, म्हणून वायर जाड आणि आखूड घ्या. पॅनेलचे तोंड दक्षिणेला, उतार वीस अंशांच्या आसपास. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यावर धुळीचा थर बसतो, तो सकाळी ऊन तापण्याआधी पुसा. आणि इन्व्हर्टरची वायर बोर्डाच्या सॉकेटात उलटी खुपसून घर चालवण्याची हुशारी कोणी करू नये. वायरमनचे वर सांगितले आहेच.

आता सरकारला एक प्रश्न. आज अनेक आखाड्यांवर सौर पंप आले आहेत. तीन अश्वशक्तीच्या पंपापुढे साधारण तीन किलोवॅटची पॅनेल उभी असतात, म्हणजे आम्ही वर हिशेब केला त्याच्या पंधरा पट. सोयाबीनला पाऊस पुरतो तेव्हा, विहीर आटते तेव्हा, ती नुसती ऊन खात उभी राहतात आणि शेजारच्या घरात कंदील लागतो. पंपाखेरीज कडबाकुट्टी, पिठाची गिरणी चालवता येईल असा कंट्रोलर बसवण्याची सोय केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेत आहे. मग तो शेतकऱ्याने मागण्याची वाट कशाला पाहायची? पंपाबरोबरच का देत नाही? ज्यांनी आपला हिस्सा भरला आहे त्यांनी तालुक्याच्या वीज कार्यालयात हे लेखी मागावे, पोच घ्यावी, आणि ती पोच पुढच्या बैठकीला सोबत आणावी.